कर्ज खरे, गुन्हा खोटा

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुम, उमरगा, लोहारा या पट्ट्यात एखादा माणूस "आमचं सगळं बुडालं" असे म्हणाला, तर ऐकणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस लागून राहतो, तूर मर रोगाने वाळते, उसाचे बिल अडकते, पीककर्जाचे नवे-जुने करायचे राहून जाते. यातले एखादे तरी कारण बहुतेक घरांत असतेच. मग समजा, तो माणूस जेवेनासा होतो, पहाटे तीनलाच उठून अंधारात बसून राहतो, हाक मारली तरी ओ द्यायला वेळ लावतो. गाव म्हणते, त्याने हाय खाल्ली. महिना-दीड महिन्याने तोच माणूस घरच्यांना हळू आवाजात सांगू लागतो की आपल्या पापामुळे गावाला पाऊस लागत नाही, पोलीस आपल्याला न्यायला निघाले आहेत, घरात दाणा उरलेला नाही, उद्यापासून लेकरांना भीक मागावी लागणार. धान्याची पोती समोर रचलेली असतात, बँकेची साधी नोटीसही आलेली नसते. तरीही घरच्यांना वाटते, टेन्शन जरा जास्तच घेतले आहे. खरे तर या टप्प्यावर आजाराने रूप पालटलेले असते. ते ओळखायला उशीर होतो याचे कारण एकच: त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा असतो.

या अवस्थेला मनोविकारशास्त्रात सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. तीव्र नैराश्य आणि त्याच्या जोडीला भ्रम किंवा भास, असे तिचे स्वरूप असते. भ्रम म्हणजे कितीही पुरावा समोर ठेवला तरी न हलणारी खोटी समजूत. भास म्हणजे कुणी नसताना ऐकू येणारा आवाज, दिसणारी आकृती, येणारा कुजका वास. भ्रम-भास स्किझोफ्रेनियातही असतात. पण इथे आधी मन खचते आणि भ्रम मागाहून येतो, त्या खचलेल्या मनाचाच रंग घेऊन येतो, आणि नैराश्य ओसरले की तोही ओसरतो. म्हणून त्याचे विषय ठरलेले असतात: पाप, दारिद्र्य, शिक्षा, शरीराचा नाश. फ्रान्समधले डॉक्टर ज्यूल कोटार यांनी १८८० साली एका स्त्रीची हकिगत मांडली होती. आपल्याला मेंदू नाही, छाती नाही, पोट नाही, आतडी नाहीत, असे ती ठामपणे सांगत असे. आपल्याकडे हेच बोलणे "आतडं वाळून गेलंय, अन्न खाली उतरतच नाही" अशा शब्दांत येते आणि रुग्णाची वारी पोटाच्या डॉक्टरांकडे सुरू होते. मदुराईचे मनोविकारतज्ज्ञ ए. वेंकोबा राव यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले होते की भारतीय रुग्णाची अपराधी भावना कर्माच्या, मागल्या जन्मीच्या पापाच्या भाषेत बोलते. भ्रमाचा साचा सगळ्या जगात सारखाच असतो, त्यात ओतलेली माती मात्र त्या त्या गावची असते. जिथे माणसाची पत सात-बाऱ्यावरच्या बोजावरून जोखली जाते, तिथे पापाला कर्जाचे रूप यावे यात नवल नाही.

मग खरी काळजी आणि भ्रम यांत फरक कसा करायचा? मजकूर खरा की खोटा एवढेच पाहिले तर फसगत होते, कारण कर्ज खरेच असते. पाहायचे असते ते त्या समजुतीची पकड. काळजी वस्तुस्थितीला उत्तर देते. महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, २०१९ च्या अखेरीस महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. यादीत नाव आले की काळजीत असलेला माणूस सैल होतो, निदान त्या रात्री नीट जेवतो. भ्रमात असलेल्या माणसाला यादी दाखवली तर तो म्हणेल, ही मला पकडण्यासाठीच काढली आहे. त्याच्या लेखी आकड्याला अर्थ उरलेला नसतो. तीस हजारांची थकबाकी आणि तीस लाखांची थकबाकी दोन्ही सारख्याच. दुसरी खूण म्हणजे, येणे-देणे हा व्यवहार राहत नाही, तो गुन्हा होतो. आपण देणेकरी आहोत असे तो म्हणत नाही. आपण अपराधी आहोत, आपल्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि आपण गेलो तर घर सुटेल, असे तो म्हणतो. हे शेवटचे वाक्य ज्या घरात ऐकू येईल त्या घराने दुसऱ्या कशाचीही वाट पाहू नये. तिसरी खूण शरीरावर दिसते. चालणे-बोलणे मंदावते, किंवा उलट माणूस हात चोळत येरझाऱ्या घालत राहतो. वजन झरझर उतरते. पाणीसुद्धा आग्रह करून पाजावे लागते.

हा आजार दुर्मीळ आहे, अशी समजूत डॉक्टरांमध्येही आढळते. मॉरिस ओहायोन आणि अॅलन शॅट्झबर्ग यांनी युरोपातल्या पाच देशांतल्या जवळपास १९ हजार लोकांची पाहणी करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीव्र नैराश्याच्या निकषांत बसणाऱ्यांपैकी १८.५ टक्के लोकांना भ्रम किंवा भास होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण हजारी चार पडले. आकडे युरोपचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण अंदाजापुरते लावले तर दहा हजार वस्तीच्या गावात चाळीस माणसे होतात. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही खंत आहेच. पण त्यातून एवढे नक्की दिसले की नैराश्याच्या दहापैकी आठांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आणि जे पोचतात त्यांचेही निदान नेमके होते असे नाही. अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयांत अँथनी रॉथशिल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकोटिक डिप्रेशनच्या २७ टक्के रुग्णांचे निदान सुरुवातीला चुकल्याचे आढळले. साध्या नैराश्यावर बोट ठेवून डॉक्टर थांबले होते. तिथे ही गत, तर ज्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात तिथली कल्पना करता येते. रुग्णही आपणहून सांगत नाही. त्याला वाटते, हे बोललो तर वेडा ठरवतील. किंवा त्याच्या लेखी हे इतके खरे असते की डॉक्टरला सांगण्यासारखे त्यात काही नसते. पोलीस येणार असतील तर डॉक्टर काय करणार? नैराश्य मोजायला जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. झोप, भूक, उदासी, थकवा, मरणाचे विचार हे सगळे त्यात येते. भ्रमाबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणजे ही प्रश्नावली काटेकोर भरून घेतली, तरी हा आजार त्यातून निसटू शकतो.

दुसरीकडे, जे रूप "टेन्शन"च्या खात्यात मावत नाही ते "बाहेरचं" म्हणून जमा होते. मराठवाडा आणि त्याला लागून असलेला कर्नाटक-तेलंगणाचा भाग हा भानामतीचा मुलूख. करणी, लागीर, देवीचा कोप हे शब्द इथे रोजच्या बोलण्यातले. मुरुमपासून सीमा ओलांडून गाणगापूरला गेले, तर आरतीच्या वेळी खांबांवर चढणारी, किंचाळणारी माणसे आजही पाहायला मिळतात. इथे एक गल्लत टाळायला हवी. अंगात येणे किंवा भानामतीचे झटके यांतले पुष्कळसे प्रकार मनोविकारशास्त्राच्या हिशेबाने निराळे असतात. ते चार लोकांसमोर येतात, काही वेळाने ओसरतात, आणि मधल्या वेळात ती व्यक्ती शेतात, चुलीपाशी आपली कामे करत असते. अनेकदा, विशेषतः सासुरवाशिणींच्या बाबतीत, जे बोलायला घरात जागा नसते ते त्या झटक्यातून बोलले जाते. सायकोटिक डिप्रेशनचा माणूस असा नसतो. तो गप्प असतो, एकटा असतो, आणि त्याचे खचलेपण दिवसरात्र चालू असते. त्याला ऐकू येणारा आवाज त्यालाच शिव्या देतो, "तू नालायक आहेस, तुझ्यामुळे झालं" असे म्हणतो. गाव ज्याला "बाहेरचं" म्हणते त्यातले सगळ्यात धोक्याचे रूप हे असे मुके आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे सगळ्यांत उशिरा लक्ष जाते.

श्रद्धेने दिलासा मिळतो, तो का हिरावून घ्यायचा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. देवळात जाण्याने, अंगारा लावण्याने या आजाराचे काही बिघडत नाही. सोबत जाणारे चार नातलग मिळतात हेही काही थोडे नाही. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, अमावास्या-पौर्णिमेच्या वाऱ्यांत महिने जातात आणि या आजारात महिने परवडत नाहीत. दोन, देवऋषी जेव्हा सांगतो की तुझ्या हातून चूक झाली, म्हणून हे भोग आले, तेव्हा तो रुग्णाच्या भ्रमावर शिक्का मारतो. ज्याला आधीच आपण पापी असल्याची खात्री पटली आहे, त्याला बाहेरून मिळालेली ही कबुली फार महागात पडते. मारहाण आणि साखळदंड हा तर थेट गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे शिक्षेस पात्र ठरवले. तो कायदा यावा म्हणून आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि वटहुकूम त्यानंतर निघाला, हे विसरण्यासारखे नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत.

आता सगळ्यांत गंभीर आक्षेप. शेतकऱ्याचे दुःख भावातून, पाण्यातून, सावकारीतून येते. त्याला आजाराचे नाव दिले की सरकार सुटते आणि शेतकऱ्याच्या हाती गोळ्या पडतात. या आक्षेपामागचा राग मला मान्य आहे. धाराशिव हा नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक. इथली टंचाई कुणाच्या मनाचा खेळ नाही. पण या आक्षेपात एक गृहीत दडले आहे: कारण बाहेर असेल तर आजार आत असू शकत नाही. दूषित पाण्याने कावीळ होते. पाणी स्वच्छ करणे हे नगरपालिकेचे काम आणि कावीळ बरी करणे हे डॉक्टरचे, यात कुणाला विरोध दिसत नाही. कर्ज, नापिकी, अपमान यांनी मनावर पडलेला ताण शरीरात उतरतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची यंत्रणा सायकोटिक डिप्रेशनमध्ये साध्या नैराश्यापेक्षाही जास्त बिघडलेली आढळते, हे १९८० च्या दशकापासून अनेक अभ्यासांत दिसले आहे. एकदा ती घडी विस्कटली की कर्ज फिटल्यानेही ती आपोआप बसत नाही. शिवाय ज्यांच्यावर एक रुपयाचे कर्ज नाही अशा सेवानिवृत्त शिक्षकाला, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला, सत्तरीतल्या आजीलाही हा आजार होतो. उतारवयात तर त्याचे प्रमाण वाढतेच.

उलट, आजार नाकारण्याची किंमत आपली व्यवस्थाच कशी वसूल करते ते पाहा. शेतकऱ्याने जीव दिला की चौकशी होते आणि प्रकरण "पात्र" किंवा "अपात्र" ठरते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे पात्रतेचे निकष. त्यात बसले तर घराला एक लाख रुपये. मग कोणते घर सांगेल की तो चार महिने भ्रमात होता, त्याला आवाज ऐकू यायचे? आजार सांगितला तर मदत जाण्याची भीती, म्हणून आजार लपतो, कागदावर फक्त कर्ज उरते, आणि पुढच्या घराला त्यातून शिकायला काही मिळत नाही. कर्ज आणि आजार एकाच माणसात नांदू शकतात हे या निकषांना मान्य करावे लागेल. शासनाने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे निवडले गेले. त्याच वर्षी चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन विचारपूस करू लागल्या. गावातल्या बाईने उंबऱ्यावर बसून विचारलेला प्रश्न किती काम करतो, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत चाललेल्या विश्राम प्रकल्पाने दिला आहे. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोक येत नाहीत ही तक्रार खरी नाही. विचारले तर येतात. आशाताईंच्या यादीत आणखी दोनच प्रश्न घालावेत एवढी मागणी आहे: "तुमच्या हातून काही मोठा गुन्हा झालाय असं वाटतं का?" आणि "कुणी नसताना आवाज येतो का?"

उपचारांबाबत मात्र निराश होण्याचे कारण नाही. मला तर वाटते, या आजारातली खरी शोकांतिका हीच की तो इतका बरा होण्याजोगा आहे. फक्त नैराश्यावरची गोळी बहुधा पुरत नाही. १९७५ मध्येच अमेरिकेतले अलेक्झांडर ग्लासमन आणि सहकारी यांनी दाखवले होते की भ्रम असलेल्या रुग्णांवर तेव्हाचे नैराश्यरोधक औषध फारसे चालत नाही. पुढे २००९ साली २५९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ओलान्झापिन हे भ्रमावरचे औषध एकटे दिले तेव्हा सुमारे २४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. त्याला सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची जोड दिली तेव्हा सुमारे ४२ टक्के. दोन्ही औषधे भारतात जेनेरिक स्वरूपात मिळतात. आयुष्यभर गोळ्या खाव्या लागतील का, हा घरचा पहिला प्रश्न असतो. २०१९ च्या पुढच्या चाचणीत, बरे झालेल्यांपैकी ज्यांचे ओलान्झापिन थांबवले त्यांच्यातल्या ५४.८ टक्क्यांना छत्तीस आठवड्यांत आजार उलटला. ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यात २०.३ टक्क्यांना. म्हणजे बरे वाटले म्हणून महिन्याभरात गोळ्या बंद करणे हा जुगार आहे. तसेच वजन वाढणे, साखर वाढणे हे तोटे खरे आहेत आणि डॉक्टरने ते मोजत राहिले पाहिजे. औषधे सुरू करण्याआधी थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, दारू सुटतानाचा भ्रम, आणि पूर्वी कधी अति उत्साहाचा काळ येऊन गेला होता का, हेही तपासावे लागते, कारण त्यावरून औषध बदलते.

आणि शॉक. या शब्दाने घरे हादरतात. सिनेमाने दाखवलेला शॉक आणि आजचा उपचार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भूल देऊन, स्नायू शिथिल करून, काही सेकंदांचा नियंत्रित प्रवाह देतात. रुग्णाला झटका जाणवत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा उपचार पूर्ण केलेल्या सायकोटिक डिप्रेशनच्या रुग्णांपैकी ९५ टक्के लक्षणमुक्त झाले. भ्रम नसलेल्या नैराश्यात हे प्रमाण ८३ टक्के होते. ज्या आजाराला आपण जास्त भयंकर मानतो त्यातच हा उपचार जास्त लागू पडतो. काही आठवड्यांच्या आठवणी पुसट होणे हा त्याचा तोटा आहे आणि तो आधी सांगितलाच पाहिजे. पण ज्याने अन्नपाणी सोडले आहे त्याच्यासाठी गोळी लागू पडण्याची वाट पाहत बसणे अनेकदा जिवावर बेतते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९५ या संदर्भात वाचण्यासारखे आहे. भूल न देता शॉक देण्यावर त्यात बंदी आहे, आणि त्याच कलमात रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावरही बंदी आहे.

अंतर हा शेवटचा अडथळा, आणि तो खोटा नाही. मुरुमला ग्रामीण रुग्णालय आहे, पण मनोविकारतज्ज्ञासाठी धाराशिवचे जिल्हा रुग्णालय, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. म्हणून पहिली पायरी घरातच चढता येईल अशी असावी. भारत सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते. जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरलेले नाही. तज्ज्ञापर्यंत पोचेतो रुग्णाला एकटे ठेवू नका. फवारणीची औषधे कुलपात किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवा. त्याच्या भ्रमाशी वाद घालू नका, होकारही देऊ नका. "तुला हे किती खरं वाटतंय ते दिसतंय, आपण मिळून डॉक्टरांना दाखवू" एवढे म्हटले तरी पुरते. आणि तुमच्या घरात कुणी आठवड्यांपासून जेवत नसेल, झोपत नसेल, तर कर्ज किती आहे हे विचारून थांबू नका. "तुला कसली शिक्षा होणार असं वाटतंय?" हेही विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा.